आईबाबा कायमचे अमेरिकेत येतायत, हेल्थ इन्शुरन्सचं नक्की काय करायचं? (वय ७१ आणि ६६, शुगर, अँजिओप्लास्टी)

मिरजेची_लेक

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

मी न्यू जर्सीत असते. सिटिझन झाल्या झाल्या आईबाबांचं ग्रीन कार्डचं फाइल केलं होतं, आता मुंबई कॉन्सुलेटचा इंटरव्ह्यू जवळ आलाय आणि सगळं नीट झालं तर दोघं इकडे कायमचे येतील. बाबा ७१, बँकेतून रिटायर, शुगर जुनी आहे आणि २०१९ मध्ये अँजिओप्लास्टी झालीय. आई ६६, बीपी, थायरॉइड, आणि गुडघ्यांबद्दल तर बोलायलाच नको. याआधी उन्हाळ्यात व्हिजिटर व्हिसावर यायचे तेव्हा दर वेळी ऑनलाइन व्हिजिटर इन्शुरन्स काढायचो, देवाच्या कृपेने कधी वापरायची वेळ आली नाही, त्यामुळे ते प्रत्यक्षात कसं चालतं तेही माहीत नाही.

आता गोंधळ असा की जितकी तोंडं तितके सल्ले. ऑफिसातली मैत्रीण म्हणते व्हिजिटर इन्शुरन्सच घे आणि दर वर्षी रिन्यू कर. मावशी म्हणते अगं पासष्टच्या पुढे तिकडे मेडिकेअर म्हणजे सरकारी इन्शुरन्स फुकट असतं ना. नवरा म्हणाला आमच्या ऑफिसच्या प्लॅनमध्ये टाकू, तर एचआरने सांगितलं बायको आणि मुलं चालतात, आईवडील नाही. पुण्याचा भाऊ म्हणतोय की बाबांचं बँकेच्या रिटायर्ड लोकांचं ग्रुप मेडिक्लेम आहे (आईसकट) ते आता बंद करा, प्रीमियम भरमसाट झालाय आणि राहणार तिकडे तर इकडे कशाला भरायचा. आणि बाबांचं म्हणणं तर सगळ्यात भारी, काहीच नको, मी दर डिसेंबरात मिरजेला येऊन सगळी तपासणी करून जाईन, तिथे प्रत्येक गल्लीत डॉक्टर आहे.

तर पहिली पाच वर्षं काय करायचं, आणि भारतातली पॉलिसी ठेवायची का काढायची, एवढं सांगा. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगितलं तर फार बरं.

एडिसनवाला

ताई, आधी एक खूणगाठ बांधा. तुमच्या बाबांचा आजार काय आहे यावर इन्शुरन्स ठरत नाही, ते कुठल्या व्हिसावर उतरतात यावर ठरतो. व्हिजिटर म्हणून आले तर एक दुनिया, इमिग्रंट व्हिसावर आले तर दुसरी. मैत्रिणीचा सल्ला पहिल्या दुनियेतला आहे, मावशींचा दुसरीतला पण अर्धवट.

मेडिकेअरचं घ्या. पासष्ट पूर्ण एवढ्याने भागत नाही. ज्याने (किंवा ज्याच्या नवऱ्याने/बायकोने) इथे ४० क्वार्टर म्हणजे साधारण दहा वर्षं काम करून टॅक्स भरलाय त्याला पार्ट ए म्हणजे हॉस्पिटलचा भाग बिनपैशाचा मिळतो. तुम्ही इथे कितीही वर्षं टॅक्स भरलेला असो, तो आईबाबांच्या खात्यात धरत नाहीत. बाबांनी बँकेत पस्तीस वर्षं घासली तीही धरत नाहीत, कारण भारत आणि अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा तसा करारच नाही. त्यामुळे त्यांना मेडिकेअर विकत घ्यावं लागणार आणि तेसुद्धा ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं राहून झाल्यावर. २०२६ चा भाव सांगतो, पार्ट ए महिन्याला ५६५ डॉलर आणि पार्ट बी (डॉक्टरांच्या फीचा भाग) २०२.९० डॉलर, दरडोई. म्हणजे दोघांचे मिळून महिना दीड हजाराच्या वर. फुकट वगैरे काही नाही, मावशींना कळवा :)

मेडिकेडचंही (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी इन्शुरन्स) तसंच, १९९६ च्या कायद्यापासून ग्रीन कार्डवाल्यांना बहुतेक राज्यांत पाच वर्षं थांबावं लागतं. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया अशी काही राज्यं स्वतःच्या पैशातून त्याआधी देतात पण आपलं जर्सी मोठ्या माणसांना देत नाही. शिवाय तुम्ही आय-८६४ या फॉर्मवर सही केलेली असणार, सांभाळायची जबाबदारी तुमची असं सरकारला लिहून दिलंय.

मग उरतं काय, तर मार्केटप्लेस, म्हणजे खासगी कंपन्यांचे प्लॅन जिथे मिळतात ती सरकारी वेबसाइट, ज्याला लोक ओबामाकेअर म्हणतात. जर्सीचं स्वतःचं आहे, गेट कव्हर्ड एनजे. ग्रीन कार्डवाल्याला पाच वर्षांची अट इथे नाही, उतरल्याबरोबर घेता येतं, वय ७१ असलं तरी घेता येतं (मोफत पार्ट ए मिळत नसल्यामुळे), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे २०१४ पासून शुगर, स्टेंट, बीपी काहीही असलं तरी कंपनीला नाही म्हणता येत नाही आणि त्यासाठी जास्त पैसेही लावता येत नाहीत. जुन्या दुखण्यासाठी वेटिंग पिरियड नाही. पहिल्या दिवसापासून बाबांचा कार्डिऑलॉजिस्ट कव्हर्ड. भारतातसुद्धा एवढं मिळत नाही.

मात्र स्वस्त नाही. चौसष्टच्या पुढे सगळ्यांना एकच दर आणि तो तरुण माणसाच्या जास्तीत जास्त तिप्पट. सबसिडी नसेल तर सिल्व्हर (मधल्या दर्जाचा) प्लॅन दरडोई महिना हजार ते दीड हजार डॉलर धरून चाला. सासूसासऱ्यांचं आम्ही हेच केलं, आधी आकडा बघून दोघं जण परत जायच्या गोष्टी करायला लागले होते.

आणखी एक, देशात राहायला आल्यापासून ६० दिवसांत अर्ज करायचा. तो हुकला की पुढच्या ओपन एन्रोलमेंटपर्यंत म्हणजे नोव्हेंबरपर्यंत हात चोळत बसायचं. त्यामुळे जेट लॅग उतरला की पहिलं काम हे, डिस्नी नंतर.

सुमेधा_के

एडिसनवाला यांनी नीट सांगितलंच आहे, मी फक्त व्हिजिटर इन्शुरन्सवर लिहिते कारण आम्ही त्यातून गेलोय आणि मैत्रिणीचा सल्ला ऐकू नका असं कळकळीने सांगायचंय.

त्यात दोन जाती असतात. एक फिक्स्ड बेनिफिट, म्हणजे डॉक्टरची व्हिजिट एवढे डॉलर, हॉस्पिटलचा दिवस एवढे डॉलर असं कोष्टक ठरलेलं, बिल कितीही येवो, कोष्टकाच्या वरचं सगळं तुमच्या खिशातून. स्वस्त असतात म्हणून भारतातून येणारे बरेच जण हेच घेतात. दुसरी काँप्रिहेन्सिव्ह, डिडक्टिबल (आधी आपण खिशातून भरायची ठरलेली रक्कम) गेल्यावर टक्क्यांत देतात, हॉस्पिटलांचं नेटवर्क असतं, ही त्यातल्या त्यात बरी. पण दोन्हींत जुना आजार म्हटलं की खेळ संपला. मग जाहिरातीत लिहिलेलं असतं की प्री-एक्झिस्टिंगचा अक्यूट ऑनसेट कव्हर्ड, आणि आपण खूश होतो. त्या अक्यूट ऑनसेटची व्याख्या पॉलिसीत आत बारीक अक्षरांत असते ती वाचा. अचानक, आधी कुठलीही लक्षणं नसताना झालेलं पाहिजे, २४ तासांच्या आत उपचार घेतलेले पाहिजेत, आणि हळूहळू वाढत जाणारं दुखणं नको. वरून वयाची मर्यादा, सत्तर किंवा ऐंशीनंतर हा फायदाच बंद किंवा रक्कम अगदी तुटपुंजी.

आमच्या सासूबाई इथे असताना छातीत दुखायला लागलं, इमर्जन्सीत नेलं, दोन दिवस ठेवलं, अँजिओग्राफी झाली. कंपनीने (नाव घेत नाही) पहिलं काय मागितलं असेल तर भारतातले मागच्या काही वर्षांचे सगळे कागद. त्यात आमच्या फॅमिली डॉक्टरांनी कधीतरी 'जिना चढताना दम लागतो' असं लिहून ठेवलेलं. झालं, आधीपासून लक्षणं होती, अचानक नाही, क्लेम रिजेक्ट. अपील केलं, सहा महिने पत्रापत्री, थोडेसे दिले. बाकीचं हॉस्पिटलच्या फायनान्शियल असिस्टन्सकडे अर्ज करून कमी करून घेतलं. हे कुणी सांगत नाही पण नॉन-प्रॉफिट हॉस्पिटलांना अशी योजना ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, बिल आलं की लगेच क्रेडिट कार्ड काढू नका, आधी आयटमाइज्ड बिल आणि असिस्टन्सचा फॉर्म मागा.

इमर्जन्सीत मात्र कुणी परत पाठवणार नाही. १९८६ पासून कायदा आहे, इन्शुरन्स असो नसो, जीव स्थिर होईपर्यंत त्यांना बघावंच लागतं. पण बघावं लागतं म्हणजे फुकट बघतात असं नाही. बिल येतंच.

उगाच_बोलतो

एवढे डॉलर महिन्याला घालवण्यापेक्षा मिरजेत एक चांगली बाई स्वयंपाकाला आणि एक माणूस सोबतीला ठेवा की. म्हाताऱ्या माणसांना बर्फात आणून काय मिळतं लोकांना कळत नाही. राग मानू नका.

मिरजेची_लेक

राग नाही, पण दादा, ते ठेवून झालंय. बाई सोडून गेली, आई बाथरूममध्ये पडली तेव्हा बाबांना उचलता आलं नाही, शेजारचे धावले. भाऊ पुण्यात, मी इथे. त्यांनाच आता यायचंय. असो, विषय इन्शुरन्सचा आहे.

@एडिसनवाला खूप खूप धन्यवाद. एक विचारायचं होतं, सबसिडी कुणाला मिळते? बाबांचं पेन्शन महिना साधारण ४५ हजार रुपये आहे, इथल्या हिशोबाने ते काहीच नाही, मग कमी उत्पन्न म्हणून सबसिडी मिळायला हवी ना?

ठाणे_टू_ब्रॅम्प्टन

मी कॅनडात आहे त्यामुळे तुमच्या कामाचं नाही पण हा विषय शोधत इथे येणारे बरेच जण आमच्याकडचेही असतील म्हणून लिहून ठेवतो.

आमच्याकडे आईवडिलांचं पीआर (कायमचं राहायची परवानगी) लॉटरीवर चालतं, नंबर लागेल तेव्हा लागेल, त्यामुळे बहुतेक सगळे सुपर व्हिसावर (आईवडिलांसाठीचा लांब मुदतीचा व्हिजिटर व्हिसा) येतात. जुलै २०२२ पासून एका वेळी पाच वर्षं राहता येतं. पण इन्शुरन्स ऐच्छिक नाही, व्हिसाच्या अर्जातच लावावा लागतो, किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचं कव्हर आणि एंट्रीपासून किमान एक वर्ष. आधी कॅनेडियन कंपनीचाच चालायचा, जानेवारी २०२५ पासून कॅनडाच्या नियामकाने मान्य केलेल्या परदेशी कंपन्यांचाही चालतो. पैसे एकरकमी नाही तर हप्त्यानेही भरता येतात. पण गैरसमज नको, सुपर व्हिसावर पाच वर्षं राहिले तरी ओहिप (ओंटारियोचा सरकारी इन्शुरन्स) मिळत नाही, म्हणजे पाचही वर्षं खासगी इन्शुरन्सवर.

आणि यातली मेख आहे ती 'स्टेबल' या अटीत. जुना आजार कव्हर करणारा प्लॅन जास्त पैसे देऊन मिळतो पण आजार ९० किंवा १८० दिवस स्टेबल पाहिजे. आपल्याला वाटतं स्टेबल म्हणजे तब्येत बरी आहे. त्यांच्या लेखी गोळीचा डोस बदलला तरी स्टेबल नाही. कमी केला तरी नाही! माझ्या वडिलांची बीपीची गोळी निघायच्या महिनाभर आधी डॉक्टरांनी अर्धी केली, तब्येत सुधारली म्हणून, आणि ब्रोकर म्हणाला आता बीपीशी संबंधित काहीही झालं तर क्लेम अवघड आहे, तारीख पुढे ढकला. ढकलली. म्हणून निघायच्या आधी सहा महिन्यांत जे काय बदल करायचे ते डॉक्टरांना लवकर करायला सांगा, ऐन वेळी नको.

एडिसनवाला

मिरजेची_लेक, तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर उलटं आहे, चहा घेऊन बसा.

सबसिडी उत्पन्नावर आहे, पण फार कमी असलं तरी मिळत नाही आणि जास्त असलं तरी नाही. दारिद्र्यरेषेचा आकडा असतो, २०२६ च्या कव्हरेजला दोन माणसांच्या कुटुंबासाठी २१,१५० डॉलर. एवढ्यापेक्षा कमी उत्पन्न असलेले लोक खरं तर मेडिकेडमध्ये जातात, पण ग्रीन कार्डवाल्यांना पाच वर्षं ते बंद म्हणून पूर्वी त्यांना मार्केटप्लेसवर सबसिडी मिळायची, भरपूर मिळायची. आमच्या सासूसासऱ्यांना त्याचाच आधार होता. २०२५ च्या जुलैत जो मोठा कायदा झाला त्यात ही सोय काढून टाकली, १ जानेवारी २०२६ पासून बंद. जुने ब्लॉग, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज अजून आधीचंच सांगतात त्यामुळे लोक फसतात. तुमच्या बाबांचं पेन्शन वर्षाला पाच लाख चाळीस हजार, डॉलरात सहा हजारांच्या आसपास. म्हणजे रेषेच्या कितीतरी खाली. स्वतंत्र रिटर्न भरलं तर सबसिडी शून्य.

मग लोक म्हणतात मुलीच्या रिटर्नमध्ये डिपेंडंट दाखवू, म्हणजे कुटुंब मोठं आणि उत्पन्न मुलीचं धरलं जाईल. ते होऊ शकतं. तुमचं कुटुंब समजा सहा जणांचं झालं तर दारिद्र्यरेषेच्या चारशे टक्क्यांची मर्यादा १,७२,६०० डॉलर येते, त्याच्या आत असाल तर दोघांच्या प्रीमियमवर सबसिडी मिळू शकते (वाढीव सबसिडी २०२५ अखेर संपली म्हणून ही मर्यादा परत आलीय, एक डॉलर वर गेलात तरी सगळं जातं). पण डिपेंडंट व्हायला त्या माणसाचं स्वतःचं वर्षाचं उत्पन्न साधारण पाच हजार डॉलरच्या आत लागतं, २०२५ ला ५,२०० होतं. बाबांचं पेन्शन त्याच्या वर जातंय! आईंचं स्वतःचं काही नसेल तर त्या बसतील, बाबा नाही. एफडीचं व्याज कुणाच्या नावावर आहे तेही बघा, कारण ग्रीन कार्ड झाल्यावर भारतातलं पेन्शन, व्याज, भाडं सगळं इथल्या रिटर्नवर दाखवावं लागतं. आणि परदेशातल्या सगळ्या खात्यांत मिळून दहा हजार डॉलरच्या वर असेल तर त्यांची माहिती द्यायचा एफबारचा फॉर्म वेगळा. हे भारत-अमेरिका दोन्हीकडचं जाणणाऱ्या सीएला दाखवा, इथल्या लोकांच्या भरवशावर करू नका, माझ्याही नाही.

जर्सीची स्वतःची राज्याची सबसिडी पण आहे, ती वेबसाइटवर आकडे टाकले की दाखवते.

प्लॅन निवडताना फक्त प्रीमियम बघू नका. बाबांसारख्या माणसाला ब्रॉन्झ (कमी प्रीमियमचा) घेतला तर डिडक्टिबलच इतका की वर्षभर सगळं खिशातून. आपल्या खिशातून जाणाऱ्या खर्चाची वर्षाची कमाल मर्यादा दहा हजार डॉलरच्या आसपास दरडोई असते, ती एकदा गेली की पुढे कंपनी, म्हणजे वाईटात वाईट काय होईल ते आधीच कळतं, आणि हीच गोष्ट व्हिजिटर प्लॅनमध्ये नेमकी उलटी, तिथे मर्यादा कंपनीच्या खर्चाला असते. शिवाय जर्सीत बहुतेक प्लॅन ईपीओ आहेत, इमर्जन्सी सोडली तर नेटवर्कबाहेर काही मिळत नाही, म्हणून आपल्या गावातला कार्डिऑलॉजिस्ट आणि जवळचं हॉस्पिटल त्यात आहे का ते फोन करून विचारा. आणि बाबांच्या गोळ्यांची यादी प्लॅनच्या फॉर्म्युलरीत (कव्हर्ड औषधांच्या यादीत) टाकून बघा.

नाना_ऑस्टिनकर

मी स्वतः त्या वयातला आहे म्हणून लिहितो. माझं वय ७६. मीही बँकवाला. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

बेटा, भावाचं ऐकू नकोस. ती आपली आयबीएची (बँकांच्या संघटनेची) ग्रुप पॉलिसी एकदा सोडली की परत आत घेतील याचा काही भरवसा नाही. वर्ष १ नोव्हेंबरला सुरू होतं, रिन्यूअलची नोटीस त्याआधी येते, तारीख चुकू देऊ नका. प्रीमियम भरमसाट आहे हे खरं, आम्हीही दर वर्षी कुरकुर करत भरतो. पण विचार असा करा. माणूस पंच्याहत्तरीला परत गेला, मन लागलं नाही म्हणून, किंवा बायको गेली म्हणून, किंवा इथला खर्च झेपेना म्हणून. माझ्या ओळखीत असे बरेच आहेत. तेव्हा नवीन पॉलिसी काढायला गेला तर १ एप्रिल २०२४ पासून वयाची अट नाही असं सगळे सांगतात. अट गेली, पण तुम्हाला पॉलिसी द्यायचीच असं कंपनीवर बंधन नाही, स्टेंट बघितला की नाही म्हणतात. आणि दिलीच तरी जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबा. चालू पॉलिसी आहे ती सोन्याची आहे. मात्र ती भारतातल्याच उपचाराला, इथल्या बिलाला एक रुपया नाही, हेही लक्षात असू दे.

सत्तरीच्या पुढच्यांना भारत सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, पाच लाखांचं, ऑक्टोबर २०२४ पासून, उत्पन्नाची अट नाही. वडिलांचं काढलं नसेल तर तिथे आहेत तोवर विचारून घ्या. तेही तिकडच्याच यादीतल्या हॉस्पिटलात चालतं.

वडिलांची मिरजेची कल्पना अगदीच टाकाऊ नाही. दात, चष्मा, कानाचं यंत्र, हे सगळं निघायच्या आधी तिकडेच करून घ्या. इथे प्लॅनमध्ये मोठ्या माणसांचे दात बहुधा नसतात, आणि मेडिकेअरमध्येही नाहीत. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं ठरलं असेल तर तेही तिकडेच, पॉलिसीवर, व्यायाम पूर्ण करून मग या. पण दर डिसेंबरात जाऊन तपासणी यावर सगळं सोडू नका. शुगरवाल्याला तीन महिन्यांनी रक्त तपासावं लागतं आणि हार्ट डिसेंबरची वाट बघत नाही. शिवाय जास्त दिवस बाहेर राहिलात की ग्रीन कार्डवर प्रश्न येतात, सहा महिन्यांच्या वर गेलं की एअरपोर्टवर विचारपूस, वर्षाच्या वर राहायचं तर री-एंट्री परमिट आधी काढावं लागतं. आणि मेडिकेअरची पाच वर्षं सलग राहिलेली लागतात, येऊन जाऊन नाही.

पाच वर्षं झाल्यावर मेडिकेअरचा फॉर्म भरायची खिडकी सात महिन्यांची असते, पाच वर्षं पूर्ण होतात तो महिना, त्याआधीचे तीन, नंतरचे तीन. ती चुकली तर पार्ट बीला दर बारा महिन्यांमागे दहा टक्के दंड, आणि तो कायमचा चिकटतो. पार्ट ए विकत घ्यायला लागत असेल तर मेडिकेअर घेतलंच पाहिजे अशी सक्ती नाही, मार्केटप्लेसवरही राहता येतं, आमच्या एका मित्राने तसंच केलंय. दोन्हींचा हिशोब त्या वेळी मांडा.

आता एक गोष्ट कुणी बोललं नाही. हे सगळे इन्शुरन्स दवाखान्याचे. घरात आंघोळ घालायला, चालवायला, रात्री जागायला माणूस लागला तर मार्केटप्लेसचा प्लॅन देत नाही आणि मेडिकेअरही देत नाही. नर्सिंग होम (इथे म्हणजे हॉस्पिटल नव्हे, कायम देखभालीसाठी राहायची जागा) लागलं तर महिन्याचा खर्च ऐकून मी खुर्चीत बसलो होतो. आमच्या घरी सौ.ना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा हॉस्पिटलचं बिल प्लॅनने उचललं, पण पुढचं वर्षभर सुनेने नोकरी अर्धवेळ केली, त्याला कुठला प्लॅन? याचा विचार तुम्ही नवरा-बायकोने आत्ताच बोलून ठेवा.

सुमेधा_के

नाना, सूनबाईंना माझा साष्टांग.

मिरजेची_लेक, आणखी एक, इंटरव्ह्यूबद्दल. नोव्हेंबर २०२५ मध्ये परराष्ट्र खात्याने व्हिसा अधिकाऱ्यांना सांगितलंय की अर्जदाराचे शुगर, हार्ट असे आजार आणि त्यांचा खर्च कोण उचलणार हेसुद्धा बघा. घाबरू नका, सरसकट नाकारतात असं नाही, पण बाबांना शुगर आणि स्टेंट दोन्ही आहेत. तुमचे टॅक्स रिटर्न, पगाराची पत्रं तर नेतीलच, सोबत मार्केटप्लेसवर कुठला प्लॅन घेणार, त्याचा महिन्याचा खर्च किती आणि तो तुम्ही कसा भरणार याचं एक साधं पान करून द्या. व्हिसाच्या मेडिकल तपासणीला स्टेंटचं डिस्चार्ज कार्ड आणि हल्लीचा इको न्या. लपवू नका, छातीवरचे व्रण नसले तरी रिपोर्टात दिसतं.

मिरजेची_लेक

बापरे, कुठून कुठे आला विषय. सगळ्यांचे खूप आभार. बाबांना नानांची पोस्ट वाचून दाखवली, आयबीएचं ऐकून म्हणाले, बघ, बँकवाल्यालाच कळतं :) भावाशी बोलणं झालं, पॉलिसी राहतेय, प्रीमियम अर्धा मी अर्धा तो. गुडघ्यांचं आईला विचारलं तर ती म्हणते दोन्ही एकदम नको, त्यावर वेगळं भांडण चालू आहे.

शेवटचं एक, उतरल्यापासून प्लॅन सुरू होईपर्यंत मध्ये काय? तो काळ उघडाच का?

एडिसनवाला

प्लॅन तुम्ही ज्या महिन्यात निवडता त्याच्या पुढच्या महिन्याच्या एक तारखेला सुरू होतो. म्हणून तिकीट अजून काढलं नसेल तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उतरवू नका, तीन तारखेला उतरले तर जवळजवळ महिना रिकामा जातो. वीस ते पंचवीसच्या दरम्यान उतरवा, ३० तारखेच्या आत अर्ज करा, म्हणजे मध्ये आठवडाभरच राहतो. प्लॅस्टिकचं ग्रीन कार्ड यायला वेळ लागतो त्याची वाट बघायची गरज नाही, पासपोर्टवरचा इमिग्रंट व्हिसा आणि एंट्रीचा शिक्का चालतो, सोशल सिक्युरिटी नंबर आला नसेल तरी अर्ज करता येतो, नंतर भरा. आणि त्या आठवड्यापुरता नवीन इमिग्रंटला चालणारा काँप्रिहेन्सिव्ह ट्रॅव्हल प्लॅन घ्या, जुन्या आजाराला तो कामाचा नाही पण घसरून पडलं, ताप आला तर उपयोगी. बाबांच्या गोळ्या तीन महिन्यांच्या आणा, मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसकट. पहिल्या अपॉइंटमेंटला इथे महिना-दीड महिना सहज लागतो.

मिरजेची_लेक

तिकीट काढलं नाहीये अजून. बावीस तारखेचं बघते.